बारा लिहून गेलेला तज्ज्ञ

गोंदियात तांदळाच्या गिरण्यांची जी लांबच लांब रांग आहे, तिच्यात तुलसाबाई रहांगडालेला न ओळखणारा हमाल सापडायचा नाही. ट्रकवाले तिला ओळखतात, दलाल ओळखतात, आणि दलाल तर जरा दबकूनच असतात. बाई दिसायला अगदी साधी. वय सत्तावन्न, उंचीला बेताची, पदर कमरेला खोचलेला, केसांत कायम कोंढ्याची एकदोन फोलकटं. पण तिच्या तळहातावर मूठभर तांदूळ आला की गिरणीचा शेठसुद्धा बोलायचा थांबतो.

तिचं काम एका वाक्यात सांगता येतं, करायला मात्र पस्तीस वर्षं लागली. धानाचा ट्रक गिरणीत आला की पोत्यात परखी, म्हणजे टोकदार पोकळ सळई, खुपसून नमुना काढायचा, तो हातगिरणीवर सोलायचा आणि त्यात खंडा, म्हणजे तुटका तांदूळ, शेकडा किती निघेल ते सांगायचं. मोठी गिरणी सुरू व्हायच्या आधी सांगायचं. संध्याकाळी अख्खा माल भरडून निघाला की खरा आकडा सगळ्यांसमोर येतो आणि तुलसाबाई बरोबर होती की चूक, ते गेटवरच्या चहावाल्यालाही कळतं. अशी रोजची परीक्षा. एखाद्या दिवसाचीही सुट्टी नाही.

म्हणून तिने एक नियम केला होता. नमुन्याच्या खोलीला पत्र्याचं दार होतं. पोत्यांवर मार्का मारायची काळी शाई असते ना, वर्ष वर्ष न जाणारी, त्या शाईने ती आपला आकडा दाराच्या आतल्या बाजूला लिहायची. शेजारी तारीख, खाली नाव. संध्याकाळी खरा आकडा आला की तोही खाली लिहायचा, चुकलेला असला तरी. पुसायचं काही नाही. आणि हा नियम तिच्या एकटीपुरता नव्हता. बाहेरून कुणी साहेब आला आणि ढिगाकडे बघून त्याने तोंड उघडलं, की तुलसाबाई ब्रश त्याच्या हातात द्यायची.

"बोल्ले ना जी? मंग लिवा."

निम्मे साहेब तिथेच गप्प व्हायचे. न लिहिताही दार कामाला यायचं.

नियमाला एक पोटनियमही होता. दुसऱ्याचा आकडा चुकलेला दिसला, तर आधी त्याला बाजूला घेऊन सांगायचं, मग चारचौघांत बोलायचं. माणसाला आपली चूक आपल्या हाताने दुरुस्त करायची संधी द्यायची. गिरणीत सगळे हे पाळायचे. हा चांगुलपणा पुढे तिच्याच अंगाशी आला, ते सांगतोच.

आता पाटीचं. तिची मुलगी ओमेश्वरी तिसरीत असताना तिची दगडी पाटी फुटली. त्या काळात एका दलालाशी तुलसाबाईचा रोजचा वाद चालला होता. तळहातावरचे तुटके दाणे तिला दिसायचे, त्याला दिसायचे नाहीत. दिसायचे नाहीत कसले, बघायचे नव्हते. तिने ती फुटकी पाटी घेतली, आरीच्या पात्याने तिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढ्या बारीक आडव्या खाचा पाडल्या, त्यावर मूठभर तांदूळ टाकला आणि पाटी तिरपी धरून हलवली. सूप पाखडायची सवय असलेल्या हातालाच सुचेल अशी ही युक्ती. अख्खे दाणे खाचांत लांब पडून राहिले, तुटके घरंगळत खालच्या कडेला जमा झाले. काळ्या पाटीवर पांढरे दाणे, आंधळ्यालाही मोजता यावेत. दलालाची बोलती बंद झाली. ती पाटी पंचवीसहून जास्त वर्षं नमुन्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेली होती, येणारा-जाणारा पाहत होता, आणि तिच्यात काही विशेष आहे असं खुद्द तुलसाबाईलाही कधी वाटलं नव्हतं.

विशेष वाटलं ते लोकेंद्रला. लोकेंद्र हा तिच्या बहिणीचा मुलगा, आमगावकडचा. शिकून इंजिनीअर झाला, पुण्याला चार वर्षं नोकरी केली आणि परत आला. मावशीची पाटी त्याने एका डब्यात बसवली. खाली हलवणारी छोटी मोटर, वर कॅमेरा. मूठभर तांदूळ टाका, डबा फोटो काढतो आणि खंड्याचा आकडा दाखवतो. डब्याच्या झाकणावर त्याने बारीक अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'मूळ पाटी : तुलसा रहांगडाले'. तिला लाज वाटली होती. "माह्यं नाव कायले टाकतं बाबू?" असं म्हणाली, पण तो डबा दुर्गला राहणाऱ्या ओमेश्वरीला दाखवायला घेऊन गेलीच.

दोनेक वर्षांत तीसेक गिरण्यांनी डबे घेतले. आणि मग एका मोठ्या शहरी कंपनीने नागपूरच्या कोर्टात लोकेंद्रवर दावा ठोकला. कंपनीचंही असंच यंत्र होतं. त्यातल्या खाचांच्या काळ्या पाटीचं पेटंट आपण २०१९ साली मागितलं आणि आपल्याला मिळालं, लोकेंद्रने ते चोरलं, म्हणून त्याचे सगळे डबे ताबडतोब बंद करावेत, असं कंपनीचं म्हणणं. दावा चालायला वर्षं लागतील, पण डबे बंद करायचे की नाही याचा तात्पुरता हुकूम लवकरच व्हायचा होता. आणि तो हुकूम विरुद्ध गेला असता तर धानाचा हंगाम बुडणार, लोकेंद्रचं दुकान कायमचं बसणार, आणि कपाळावर चोराचा शिक्का बसणार तो वेगळाच.

लोकेंद्रची वकील रुचिका नावाची तरुण मुलगी होती, नागपूरची, भरभर बोलणारी आणि बोलण्यापेक्षा जास्त वाचणारी. तिने सोपं करून सांगितलं. "फोटो काढून दाणे मोजणं जुनंच आहे, ते कंपनीही मान्य करते. त्यांचा सगळा दावा खाचांवर उभा आहे. २०१९ च्या आधी ही पाटी उघड वापरात होती, एवढं दाखवणारा तारखेचा कागद द्या, मी बघते." तारखेचा कागद कुठून आणायचा? फुटक्या पाटीची पावती कोण ठेवतं? हमालांच्या साक्षी होत्या, पण ते सगळे मावशीच्या बाजूचे, असं कंपनी म्हणणार.

हे चाललेलं असतानाच तज्ज्ञ उगवले.

एके दुपारी चहावाल्या शालीकरामने आपला मोबाइल तुलसाबाईसमोर धरला. शालीकरामची टपरी गिरणीच्या गेटसमोर, आणि त्याच्या मोबाइलवर दिवसभर कुणी ना कुणी ओरडत असतं. "बाई, हे पाय. आपल्या लोकेंद्रवर बोलून राहिला हा."

पडद्यावर निळा कोट घातलेला गोरा, गुटगुटीत माणूस बसला होता. मागे पुस्तकांचं कपाट. खाली पट्टी, 'इंद्रकुमार, पेटंट व तंत्रज्ञान विश्लेषक'. वृत्तवाहिनीची मुलगी त्याला सर, सर म्हणत होती आणि सर हात हलवत सांगत होते, "हे उघड उघड चोरीचं प्रकरण आहे. माझा वीस वर्षांचा अनुभव सांगतो, निकाल शंभर टक्के कंपनीच्या बाजूने लागणार. अशी खाचांची पाटी जगात याआधी कुणी वापरलेली नाही. आणि गिरणीवाल्यांना माझा सल्ला आहे, असे डबे वापरत असाल तर उद्या तुमच्यावरही दावा होऊ शकतो."

शंभर टक्के! पस्तीस वर्षांत तुलसाबाई कधी शंभर म्हणाली नव्हती. धानाच्या ढिगाला हात लावून, दाणा दाताखाली फोडून, पाटीवर हलवूनसुद्धा ती दोन-चारचं अंतर ठेवायची. आणि या गृहस्थाने पेटंटाचा कागद तरी वाचला होता का? नव्हता. वाहिनीच्या मुलीने एकदा विचारलं, "सर, दाव्यात नेमकं काय म्हटलंय?" तर सर म्हणाले, "तपशिलात न जाता मी मोठं चित्र सांगतो." तपशिलात न जाता! दाण्याकडे न बघता खंडा सांगण्यातलाच हा प्रकार. पण गिरणीत असं कुणी केलं तर हमाल हसतात, आणि इथे त्याला पुन्हा पुढच्या आठवड्याचं आमंत्रण.

त्या बोलण्याचा परिणाम चार दिवसांत दिसला. तिरोड्याच्या एका गिरणीने डबा खोका न फोडता परत पाठवला. मग देवरीच्या दोघांनी. एका शेठने फोनवर लोकेंद्रला सांगितलं, "भाई, हमको कोर्ट-कचेरी नहीं चाहिए, टीवी पे सर बोल रहे थे।" टीवी पे सर. न्यायाधीशाने अजून एक शब्द उच्चारला नव्हता आणि निकाल गावोगाव पोचला होता. लोकेंद्रच्या वडिलांना तर लग्नाच्या पंगतीत कुणीतरी विचारलं, "पोरानं पाटी चोरली म्हणते?" ते तसेच पानावरून उठले.

पण तुलसाबाईला दुसरंच काहीतरी टोचत होतं. तिने शालीकरामला तो व्हिडिओ पुन्हा लावायला लावला. तिसऱ्यांदा लावायला लावला. मग म्हणाली, "याले मी पाह्यली आहे. हा माह्या खोलीत येऊन गेला."

आला होता खरंच. आठेक वर्षांपूर्वीच्या जानेवारीत गिरण्यांवर काही अहवाल करायचा म्हणून चार-पाच साहेब आले होते, त्यांच्यात हा होता. मूळचा याच जिल्ह्यातला, म्हणून शेठने जरा जास्तच आदर केला होता. तुलसाबाईच्या खोलीत तो अर्धा तास होता, तिने दिलेला चहा प्यायला होता, पाटी हातात घेऊन हलवली होती, आणि सोबतच्या माणसाला मोबाइलने शूटिंग करायला लावलं होतं.

लोकेंद्र टपरीवरच बसला होता. त्याने त्याच क्षणी इंद्रकुमारच्या यूट्यूब चॅनेलवर जुन्या व्हिडिओंत बोट सरकवायला सुरुवात केली. सापडला. 'धानाच्या कोठारात एक दिवस', जानेवारी २०१७. त्यात हेच साहेब, कोट नसलेले, जरा सडपातळ, तुलसाबाईची पाटी कॅमेऱ्यासमोर धरून म्हणत होते, "काय अफलातून डोकं आहे बघा! या खाचांमुळे तुटका दाणा आपोआप वेगळा होतो. अशी पाटी मी कुठेच पाहिली नाही."

लोकेंद्र टपरीच्या बाकावरून उठून नाचायचाच राहिला. कंपनीच्या अर्जाच्या दोन वर्षं आधीचा, तारखेचा पुरावा, आणि तोही त्यांची बाजू घेणाऱ्या तज्ज्ञाच्या तोंडून! त्याने लगेच त्याची लिंक रुचिकाला पाठवली. ती कोर्टात होती, फोन बंद. "संध्याकाळी पाहीन ती," तो म्हणाला.

आणि इथे तुलसाबाईने ती चूक केली. दुसऱ्या कुणी केली असती की नाही कोण जाणे, तिच्या गिरणीतल्या माणसाने मात्र केलीच असती. त्याच दिवशी इंद्रकुमार गोंदियात होते. गिरणीमालकांच्या सभागृहात त्यांचं व्याख्यान होतं, चौकात 'आपल्या मातीतला तज्ज्ञ' असा फलक लागला होता. तुलसाबाईने हात धुतले, पदर नीट केला आणि म्हणाली, "मी त्याले सांगून येतो."

"मावशी, कायले?" लोकेंद्र म्हणाला. "आपल्याजवळ आहे ना आता."

"भुलला असन तो. आठ साल झाले. आधी त्याले सांगा लागते, मंग लोकाईले. आपली रीत आहे ना बाबू."

ऑटोने सभागृहाशी उतरली. इंद्रकुमार व्यासपीठामागच्या खोलीत काजू खात बसले होते. तुलसाबाईने दारातूनच नमस्कार केला, इतर लोक बाहेर जाईपर्यंत थांबली आणि मग हळू आवाजात, त्यांना कमीपणा वाटू नये असं, सांगितलं, "साहेब, तुमच्याकडून एक गोष्ट चुकून राहिली. ते पाटी तुमी स्वता हातात धरली होती. माह्या खोलीत. तुमीच शूटिंग बी केलं होतं, अजून आहे ते मोबाइलवर. आज भाषनात तेवढं सुधरवून घ्या जी."

इंद्रकुमारांचा हात काजूच्या बशीवर थांबला. मग ते गोड हसले. "अरे, मावशी तुम्ही! कशा आहात? हो हो, बघतो मी. बरं झालं सांगितलंत." त्यांनी तिला काजूही दिले. तिने ते पदराला बांधले आणि समाधानाने मागच्या रांगेत जाऊन बसली.

व्यासपीठावर इंद्रकुमार पाऊण तास बोलले. परदेशातल्या मोबाइल कंपन्यांचे दावे, अब्जावधींच्या भरपाया, आपले देशी जुगाडू लोक आणि त्यांची चोरीची सवय. आणि शेवटी, मागच्या रांगेत तुलसाबाई बसलेली स्वच्छ दिसत असताना, "मी पुन्हा जबाबदारीने सांगतो, अशी पाटी याआधी जगात कुठेही नव्हती." टाळ्या झाल्या.

तुलसाबाई बाहेर आली, पदराची गाठ सोडली आणि काजू गटारात टाकले.

संध्याकाळी रुचिकाचा फोन आला. "लोकेंद्र, तू काय पाठवलंस? लिंक उघडत नाहीये. हा व्हिडिओ काढून टाकला आहे असं येतंय." व्याख्यान संपायच्या आत कुणाच्या तरी हाताने तो उडाला होता. लोकेंद्रने तो आपल्या मोबाइलवर उतरवून घेतला नव्हता. तिथेच तर आहे, जाणार कुठे, असं त्याला वाटलं होतं. रुचिका म्हणाली, "मिळवता येईल, पण अर्ज-विनंत्यांत महिने जातील. सुनावणी नऊ दिवसांवर आहे." मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. कंपनीच्या कागदपत्रांत सल्लागारांची यादी होती, आणि तिसरं नाव इंद्रकुमारचं होतं. तीन वर्षांपासून. वाहिनीवर ही गोष्ट त्यांनी एकदाही सांगितली नव्हती, आणि वाहिनीनेही विचारली नव्हती.

तुलसाबाईचा पारा चढलेला गिरणीने पूर्वीही पाहिला होता, पण असा नाही. ती ओरडली नाही. "मीच त्याले जाऊन सांगितली," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "माह्या तोंडानं. शूटिंग आहे म्हून मीच सांगितली. माह्या पोराचा घात मीच केली."

"मावशी, तुह्यी काय गलती?" लोकेंद्र म्हणाला. पण तो मोबाइलवर तीच लिंक पुन्हा पुन्हा उघडत होता.

गलती कुणाची होती? चूक दाखवली की माणूस ती सुधारतो, असं पस्तीस वर्षं मानून चालणाऱ्या बाईची? की चूक दाखवली तेव्हा पुरावा पुसून टाळ्या घेणाऱ्या माणसाची? गिरणीतला अडाणी हमालही आपला चुकलेला आकडा खाली मान घालून मान्य करतो. आणि ज्याच्या नावापुढे विश्लेषक लागतं, त्याला आपण काय बोललो याचा मागमूस ठेवायचा नसतो. खरंतर त्याच्या धंद्याची सोयच ती आहे. निकाल लागेपर्यंत लोक विसरतात, आणि तो पुढच्या दाव्यावर बोलायला मोकळा असतो. तांदळाचा खंडा लागोपाठ चुकला तर तुलसाबाईची नोकरी जाते. याचं काय जातं? कोटाचा रंग बदलतो फार तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर आली ती सरळ शाईच्या डब्याकडे गेली. "त्याचं बोलनं दारावर लिवतो," ती म्हणाली. "अशी पाटी जगात नव्हती, असा बोल्ला ना तो? नावासकट लिवतो." ब्रश शाईत बुडवला, दारापुढे उभी राहिली, आणि हात तसाच हवेत राहिला.

दार नवं होतं. कोरोनाच्या वर्षी शेठने नमुन्याच्या खोलीला नवं दार बसवलं होतं. आणि जुन्या दारावर इंद्रकुमारने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं! तोंड उघडलं होतं ना त्याने त्या दिवशी, मग तिने ब्रश दिला होता ना त्याच्या हातात. व्हिडिओच्या आनंदात आणि मग व्हिडिओच्या दुःखात ही गोष्ट कुणाच्या डोक्यात आलीच नव्हती.

जुनं दार कुठे गेलं? विचारायची गरजच नव्हती. रोज त्याला पाठ टेकून ती चहा पीत होती. शालीकरामने ते शेठकडून मागून घेतलं होतं आणि टपरीला बाजूची भिंत केली होती. लिहिलेली बाजू आतल्या अंगाला होती, आणि तिच्यावर चार वर्षांचे कागद डकवलेले होते. एका निवडणुकीचा उमेदवार हात जोडून, त्यावर मंडईच्या जत्रेतलं दंडारीचं नाटक, त्यावर कचारगडच्या यात्रेचा कागद, आणि सगळ्यांत वर दातांच्या मंजनाची जाहिरात.

"शालीकराम, पानी तापव," तुलसाबाई म्हणाली. "चहाचं नाही. नुसतं पानी."

तिने कुणाला हात लावू दिला नाही. गरम पाण्यात फडकं बुडवायची, कागद भिजवायची आणि नखाने कड उचलून सोलायची, साल काढल्यासारखी. मंजन निघालं. यात्रेचा कागद तिने अख्खा उतरवून शालीकरामच्या हातात दिला, तो त्याने घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवला. दंडार निघाली. उमेदवार काही निघेना, फार चांगल्या खळीने चिकटवला होता. तासभर लागला. टपरीपुढे हमाल, ट्रकवाले, बाजूच्या गिरणीच्या बायका, सगळे जमले होते. आणि मग ओल्या पत्र्यावर काळी अक्षरं दिसायला लागली. मार्क्याची शाई. तिला ना पाणी काही करतं ना वर्षं.

तुलसाबाईचे आकडे होते, एकाखाली एक. मधे कुठे दलालांचे, कुठे शेठचा स्वतःचा, चुकलेला. आणि डावीकडे, उमेदवाराच्या जोडलेल्या हातांखालून, मोठ्या ऐटबाज अक्षरांत निघालं :

'या खाचांच्या पाटीवर मोजून, खंडा १२ टक्के. इंद्रकुमार. १९ जानेवारी २०१७.'

खाली पल्लेदार सही. तीच सही, जी चौकातल्या फलकावर छापलेली होती.

शालीकरामच्या हातातून चाळणी पडली. लोकेंद्र दाराला हात लावून उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडला. तुलसाबाई रडली नाही. "फोटो काढ," ती त्याला म्हणाली. "दहा लोकाईच्या मोबाइलवर काढ. अना कोनाले सांगायला जाऊ नोको. मी बी जाणार नाही आता."

रुचिका पुढच्याच दिवशी सकाळच्या गाडीने आली. तिने दाराचे सगळ्या बाजूंनी फोटो घेतले, पंचनामा करून घेतला, शेठची लेखी खात्री घेतली की हे दार त्याच्याच गिरणीचं आणि कोरोनाच्या वर्षी काढलेलं. शेठ आधी कां-कूं करत होता, पण तुलसाबाई नुसती त्याच्याकडे बघत राहिली आणि त्याने सही केली. मग रुचिका वाकून ती ओळ पुन्हा वाचायला लागली आणि तिचं बोट खाली थांबलं. इंद्रकुमारच्या बाराच्या खाली, बारीक, जरा वाकड्या अक्षरांत, आणखी एक आकडा होता. १९.

"हे काय, मावशी? तारीख पुन्हा लिहिली का?"

"तारीख नाही जी. तो खरा आकडा आहे. त्यानं बारा सांगितला, संध्याकाळी एकोनीस निंगाला."

"मग त्यांना सांगितलं नाही तुम्ही?"

"कोनाले सांगू? तो थांबलाच नाही. बारा लिवला, फोटो काढला अना गाडीत बसून चालला गेला."

रुचिकाने एकोणीसचाही वेगळा फोटो घेतला.

सुनावणीला दार टेम्पोतून नागपूरला गेलं. शालीकरामची टपरी दोन दिवस एका बाजूने उघडी होती आणि त्याला त्याचा भलताच अभिमान होता. कोर्टाने डबे बंद करायची मागणी फेटाळणारा हुकूम दिला. दावा अजून चालू आहे, वर्षं चालेल, पण लोकेंद्रचे डबे हंगामात गिरण्यांवर राहिले. तिरोड्याच्या शेठने न फोडलेला खोका परत मागवला. लोकेंद्रच्या वडिलांनी तो हुकूम झेरॉक्स करून, ज्या घरच्या पंगतीतून उठले होते, त्या घरी स्वतः नेऊन दिला.

एवढ्यावर कुणाला वाटेल, इंद्रकुमारांचं तोंड काळं झालं असेल. तुलसाबाईलाही तसंच वाटलं होतं. हुकुमानंतर तिसऱ्या दिवशी ती टपरीत चहा पीत होती, मोबाइल चालू होता, आणि पडद्यावर पुन्हा तोच माणूस. पुस्तकांचं तेच कपाट. कोट यावेळी करडा. खाली तीच पट्टी, विश्लेषक. वाहिनीची मुलगी म्हणाली, "सर, या निकालाने सगळ्यांना आश्चर्य वाटलं." आणि सर हसून म्हणाले, "मला नाही. मी पहिल्यापासून सांगत होतो, कंपनीची बाजू कमकुवत आहे. आपल्या ग्रामीण कल्पकतेला कमी लेखू नका."

मुलीने मान डोलावली. पुढचा प्रश्न दुसऱ्याच कुठल्यातरी दाव्याबद्दल होता, सरांचं त्यावरही मत तयार होतं. या वेळी नव्वद टक्के.

शालीकराम हसायला लागला. तुलसाबाईने त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं हसू आटलं. "हसतं कायले?" ती म्हणाली. "याच्या बोलन्यानं आपलं पोरगं चोर झालं होतं. दारच नसतं त काय केलं असतं तुनं?"

चहा अर्धा सोडून ती उठली. गेटमधून आत गेली, नमुन्याच्या खोलीत गेली, शाईचा डबा उघडला आणि नव्या दारापुढे उभी राहिली. त्या दिवशी अर्धवट राहिलेलं काम तिने आता केलं. 'मी पहिल्यापासून सांगत होतो.' एवढंच लिहिलं, शाळेतल्यासारखं सावकाश. शेजारी नव्या दाव्याचे नव्वद टक्के लिहिले. त्याचं नाव लिहिलं, तारीख टाकली, आणि खऱ्या आकड्यासाठी खाली चार बोटं जागा सोडली.